राखणदारांचं बंड

विरार स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बोळिंजच्या रस्त्याला लागलं की आधी म्हाडाचे उंच मनोरे दिसतात. ते मागे पडले की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना कुंपणं येतात आणि कुंपणांपलीकडे केळी, नारळ, भाजीचे वाफे, मधूनच सोनचाफ्याची झाडं. नंदाखाल हे त्या हिरव्या पट्ट्यातलं आमचं गाव. इथल्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ सालची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीची. माणसं बहुतेक कुपारी, घरात कादोडी बोलणारी. पहाटे शिंपणं करावं, फुलं खुडावीत, भाजीच्या जुड्या बांधाव्यात, पाटी घेऊन मुंबईची गाडी पकडावी आणि दुपारी परतून पुन्हा वाडीत उतरावं, ही इथल्या कित्येक पिढ्यांची रीत. आता वाडीपेक्षा बँकेत, शाळेत, विमानतळावर कामाला जाणारे जास्त. पण रविवारी मिस्सा संपल्यावर आवारात अजूनही पाण्याच्या आणि केळीच्या गोष्टी निघतात.

असल्या गावाला बंडाशी काय घेणं? इथला माणूस सरकारी कचेरीत चप्पल बाहेर काढून जाणारा. तलाठ्याला ‘रावसाहेब’ म्हणणारा. निवडणुकीत कुणाला मत दिलं ते बायकोलाही न सांगणारा. तरीही गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत याच पट्ट्यातली माणसं दोनदा हजारोंच्या संख्येनं सरकारसमोर उभी राहिली आणि पहिल्या वेळी ज्यांनी त्यांना उभं केलं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालच्या मातीतले. मला हे कोडं पुष्कळ दिवस सुटत नव्हतं. बंड कोण करतं याचं शाळा-कॉलेजात मिळालेलं उत्तर सोपं होतं: ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नाही तो. आमच्याकडे मात्र मोर्चात दिसत होते ते अर्ध्या एकराचे मालक, कौलारू घराचे मालक, एका विहिरीत दोन आण्यांचा हिस्सा असलेले.

अमेरिकन अभ्यासक जेम्स स्कॉट यांनी आग्नेय आशियातल्या शेतकऱ्यांवर १९७६ साली एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा वाचताना मला थेट आमची वाडी दिसली. शेतकरी, स्कॉट म्हणतात, सरकारनं किंवा जमीनदारानं किती घेतलं याचा हिशेब नंतर करतो. आधी तो पाहतो की घेतल्यावर आपल्यापाशी किती राहिलं. चांगल्या वर्षी अर्धं पीक नेलं तरी तो कुरकुरत देईल. वाईट वर्षी चौथाई नेली आणि बियाण्याला हात लागला, तर तो कोयता काढील. (स्कॉट गेले ते १९ जुलै २०२४ ला, दिब्रिटो २५ जुलैला. एकमेकांचं नावही कदाचित न ऐकलेली ही दोन माणसं एकाच आठवड्यात गेली, याचा अर्थ काहीच नाही, पण मला ते विसरता येत नाही.)

आता हरित वसईची गोष्ट. १९८८ साली सरकारनं वसईच्या हरित पट्ट्यातली हजारो एकर जमीन बांधकामाला खुली केली. पुढे १९९० साली इथल्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. पेपरात ही बातमी विकासाची म्हणून आली. गावात ती विहिरीच्या भाषेत पोचली. आमची जमीन वाळूची, समुद्र मैलाभरावर. अशा ठिकाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी तरंगत असतं. पावसानं भरलेला एक पातळ थर. जुन्या माणसांना भूजलशास्त्र कळत नव्हतं, पण त्यांनी जागोजागी बावखलं राखली होती, वाड्यांमधली ती वेडीवाकडी तळी, ज्यांत पावसाचं पाणी साठून हळूहळू मुरतं. रहाट होता तोवर विहिरीतून किती उपसायचं हे रेड्याच्या दमावर ठरे. मग विजेचे पंप आले आणि रेड्याबरोबर तो लगामही गेला. नालासोपारा-विरारच्या नव्या इमारतींना नळाचं पाणी नव्हतं. बिल्डरनं फ्लॅट विकला, पाणी टँकरवाल्यानं विकलं, आणि टँकर भरला गेला तो आमच्या विहिरींवर.

इथे मला आमच्याच घरातलं सांगायला हवं. माझ्या एका काकांनी टँकरला पाणी दिलं. लपूनछपून नव्हे, उजळ माथ्यानं. त्यांचं म्हणणं साधं होतं: वांगी पिकवून वर्षभरात मिळतं तेवढं पाणी उपसून महिन्यात मिळतं, आणि विहीर माझी आहे. खरंच, विहीर त्यांची होती. पण विहिरीखालचं पाणी भिंत मानत नाही. दोन उन्हाळ्यांत शेजारच्या तीन वाड्यांचं पाणी मचूळ झालं. पानवेल सगळ्यात आधी बोलते. तिची पानं कडेनं करपू लागली. त्यानंतर केळी. ज्या शेजाऱ्यांनी काकांच्या लग्नात मांडव घातला होता, त्यांनी एका रात्री येऊन टँकर अडवला. ड्रायव्हरला खाली उतरवून चहा पाजला आणि टाकीचा नळ उघडा टाकला. सगळं पाणी रस्त्यावर. मला वाटतं आमच्या गावचं बंड त्या रात्री सुरू झालं, आणि ते सरकारविरुद्ध नव्हतं. ते आमच्यातल्याच एकाविरुद्ध होतं. इतिहासाच्या पुस्तकात बंडाला नेहमी वर बसलेला एक शत्रू असतो. जवळून पाहिलं तर पहिलं भांडण बहुधा बांधावरचं असतं.

दिब्रिटोंनी ओळखलं ते हेच. १९७२ साली त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली होती, १९८३ पासून ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. ते मासिक त्यांनी चर्चच्या बातमीपत्रातून बाहेर काढून मराठी वाचकांपर्यंत नेलं. हरित वसई संरक्षण समितीचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी बांधावरच्या या तक्रारीला मोठा पत्ता दिला. तुझी विहीर शेजाऱ्यानं आटवली हे खरं, पण शेजाऱ्याला गिऱ्हाईक कुणी आणून दिलं? पाण्याची सोय नसताना इमारतींना परवानगी कुणी दिली? शेजाऱ्याकडे वळलेला राग त्यांनी कचेरीकडे वळवला. ते दिवस साधे नव्हते. १९८९ साली नालासोपारा स्टेशनवर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून मारलं गेलं; जमिनीच्या व्यवहारात नकार देणं म्हणजे काय, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. अशा हवेत ख्रिस्ती फादर, समाजवादी शिक्षक, हिंदू वाडवळ, आगरी, सामवेदी ब्राह्मण एका मोर्चात चालले. आमच्या घरून वडील गेले. कधी शाळेच्या गेटपलीकडे भाषण न ऐकलेला माणूस हातात फलक धरून तहसील कचेरीपर्यंत चालत गेला आणि संध्याकाळी परतल्यावर पाय धुता धुता एवढंच म्हणाला की ऊन फार होतं.

त्या मोर्चातल्या कुणी नवं जग मागितलं नव्हतं. त्यांना आदल्या वर्षीचं पाणी हवं होतं. पुरोगामी मित्रांना हे सांगितलं की ते जरा खट्टू होतात. बंड म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर उद्याचा सूर्य येतो. मला मात्र जिथे तिथे कालची विहीर दिसते.

गोव्यातल्या कुंकळ्ळीची गोष्ट घ्या. आमचं चर्च उभं राहून दहा वर्षं झाली होती, तेव्हाची. पोर्तुगीज सत्तेखाली सासष्टीतली देवळं पाडली गेली होती. १५ जुलै १५८३ ला पाच जेझुइट काही सोबत्यांसह कुंकळ्ळीला पोचले, क्रूस उभारायला आणि चर्चची जागा पाहायला. गावकऱ्यांनी त्या पाचही जणांना मारलं. त्यांतले रुदोल्फो आक्वाव्हिवा हे फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करून त्याच वर्षी परतलेले विद्वान. बादशहानं ज्यांना मानानं ऐकलं ते एका गावात शेतकऱ्यांच्या हातून पडले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या सोळा प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे कापून काढलं. सोळांतला एक नदीत उडी टाकून वाचला असं सांगतात. त्यानंतर गावानं काय केलं? कर देणं बंद केलं. शेतं पडीक ठेवली.

चर्चनं १८९३ साली त्या पाच जणांना धन्यवादित घोषित केलं. कुंकळ्ळीत आज त्या गावप्रमुखांचं स्मारक आहे. मी कॅथलिक घरात वाढलो. मला दोन्ही आठवणी एकाच वेळी बाळगाव्या लागतात आणि त्या एकमेकींत विरघळत नाहीत, हे मी मान्य केलं आहे. त्या पाचांतल्या आल्फोन्सो पाशेको यांचा आधीच्या देऊळपाडीत हात होता हेही इतिहासात नोंदलेलं आहे. गावकऱ्यांना नव्या देवाशी तात्त्विक भांडण करायचं होतं असं मला वाटत नाही. देऊळ म्हणजे त्यांची जमीन वाटून घ्यायची जागा, गावकीचा निवाडा करायची जागा, पेरणी कधी हे ठरवायची जागा. देऊळ गेलं की यातलं काय उरतं, हा त्यांचा प्रश्न. स्कॉटच्या शेतकऱ्यानं विचारलेलाच.

आमच्या वसईतही पोर्तुगीज होते, दोनशे वर्षं होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. ही लढाई शाळेत आम्ही शौर्याची म्हणून शिकलो, सुरुंग आणि शिड्या आणि बुरुज. पण मला त्या लढाईतलं सगळ्यात रोचक पात्र वाटतं ते अंजूरचे गंगाजी नाईक. ‘साष्टीची बखर’ म्हणजे एका अर्थानं या घराण्याच्या खेपांची हकीकत आहे. मुलूख सोडावा लागलेला हा माणूस आपल्या भावांसह, फिरंगी जाच करतात, धर्म राखता येत नाही, तुम्ही मोहीम काढा, अशी विनवणी घेऊन पेशव्यांच्या दारी जात राहिला. वर्षानुवर्षं. मराठ्यांना तेव्हा माळवा, निजाम, दिल्ली अशी मोठी कामं होती. मोहीम निघाली ती १७३७ साली. म्हणजे इतिहासात जे एका झटक्यात पेटलेलं दिसतं, त्याच्यामागे किती उंबरे झिजवलेले असतात! बंडखोर हा बहुतेकदा अर्ज करून थकलेला माणूस असतो. आमच्या पंचक्रोशीत आजही ज्यांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत सात-बारा, फेरफार, पोचपावत्या आणि निवेदनांच्या झेरॉक्स जपून ठेवलेल्या असतात त्यांच्यापासून सरकारनं खरं तर सांभाळून राहावं.

आणि जिंकल्यावर? वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही टांगलेल्या आहेत. गंगाजी नाईकांनी आपलं राखलं. ते राखलं जाताना इथे मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुणब्यांच्या घंटा गेल्या, पण तहात त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक मिळाली आणि ते इथेच वाड्या शिंपत राहिले. आम्ही त्यांचीच पोरं. एकदा भीमाशंकरला ती घंटा पाहताना माझ्याबरोबरच्या मित्रानं विचारलं, वाईट वाटतं का रे? मी म्हटलं, आवाज चांगला आहे.

राखण्यासाठीच्या बंडात माणूस कशावर हात टाकतो ते पाहण्यासारखं असतं. १८७५ सालच्या दख्खनच्या दंग्याबद्दल वाचताना मी चकित झालो. १२ मे, सुप्याचा बाजारचा दिवस. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५, कापसाचे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव पडले, त्यात सरकारनं नव्या पाहणीत सारा वाढवला, आणि सावकारांनी पुढचं कर्ज देणं बंद केलं. आदल्या वर्षी शिरूरकडच्या करडे गावात लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला होता: त्याचं पाणी भरायचं नाही, त्याची दाढी करायची नाही. सुप्याला जमाव दुकानांवर चालून गेला. पुणे-नगर भागात गावोगाव तेच झालं. खूनखराबा फारच थोडा. लोकांनी मागितली ती खतं, रोखे, चोपड्या. मिळाल्या की त्यांची होळी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी कागद जाळले. कारण आपली जमीन नांगरानं जात नाही, अंगठ्यानं जाते, हे त्यांना वाचता न येताही कळलं होतं. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला, ज्यानं न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. म्हणजे त्या होळीतून एक बारीकशी कायदेशीर खिडकी निघाली.

इथवर माझा सिद्धांत मला फार आवडत होता. तो तलासरीला जाऊन मोडतो. तलासरी लांब नाही. विरारवरून डहाणूची गाडी धरली की त्याच दिशेनं, आमच्याच पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी वारल्यांची सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना ‘लग्नगडी’ सांगावा लागणार नाही: लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतले म्हणून त्याच्याकडे जन्मभर, बायकोसकट, राबणारा माणूस. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला. पाचशे पौंडांना अडीच रुपये, अशी त्यांची मागणी. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड धरून पाच जण गेले.

या माणसांकडे राखायला काय होतं? वाडी नाही, विहीर नाही, घर म्हणजे कुडाची झोपडी. पाठ्यपुस्तकातलं उत्तर इथे खरं ठरतं असं म्हणावं लागेल. जंगल आणि जमीन त्यांची होती, ती सावकारांनी आणि सरकारनं दोन-तीन पिढ्यांत काढून घेतली, त्या आठवणीनं ते उठले असं म्हणून मी माझा सिद्धांत ओढूनताणून बसवू शकतो. बसवावासा वाटत नाही. त्यांना गेलेली जमीन मिळणार नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती. त्यांना हवी होती संध्याकाळ: काम संपल्यावर आपल्या घरी जायची, आपल्या बायकोला कुणी वाड्यावर बोलावणार नाही अशी. हे राखणं नव्हे. आयुष्यात कधी नसलेली वस्तू पहिल्यांदा मागणं आहे. वसईच्या वाडीवाल्याचा धीर आणि वारल्याचा धीर एका तराजूत घालू नयेत.

आमच्या वाडीत पूर्वेकडून येणारे गडी वारली-कातकरीच होते. सकाळी यायचे, चर खणायचे, केळीला माती लावायचे, न्याहारीला भाकरी आणि सुकं बोंबील. हरित वसईच्या मोर्चाला जाताना त्यांना कुणी हाक मारली नाही, त्या दिवशी वाडीचं शिंपणं कोण करणार म्हणून. त्यांची बाजू घेणारे वेगळे होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विवेक पंडितांनी वसई तालुक्यातल्याच पूर्व भागात वेठबिगारांची श्रमजीवी संघटना उभी केली, तेव्हा पश्चिमेच्या चर्च-देवळांच्या पट्ट्यात त्याची फारशी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. आणि दैव पाहा. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, भोवतालची त्रेपन्न गावं तिच्यात ओढली गेली, ‘गाव वाचवा’ म्हणत लोक पुन्हा रस्त्यावर आले, त्या आंदोलनाचं पुढारपण कुणाकडे आलं? त्याच पंडितांकडे. ते त्या वर्षी वसईचे आमदारही झाले. पूर्वेच्या उपाशी माणसाकडून शिकलेली मोर्चाची विद्या पश्चिमेच्या पोट भरलेल्या माणसाच्या कामी आली. २०११ मध्ये सरकारनं एकोणतीस गावं वगळायचं ठरवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे वर्षानुवर्षं पडून राहिलं आणि २०२४ मध्ये सरकारनं ती गावं महापालिकेतच ठेवण्याच्या बाजूनं अधिसूचना काढली. तेरा वर्षांत ज्यांनी ‘ग्रामपंचायत हवी’ म्हणून लाठ्या खाल्ल्या, त्यांच्यातले बरेच आता कबरस्तानात किंवा स्मशानात आहेत, आणि त्यांची नातवंडं गटाराच्या तक्रारी महापालिकेच्या ॲपवर टाकतात.

पाण्याचं काय झालं म्हणाल, तर आता नळाला सूर्या धरणाचं पाणी येतं. धामणीचं हे धरण डहाणू-पालघर-विक्रमगडच्या शेतीसाठी म्हणून बांधलं होतं. ते पाणी शहरांकडे वळवू नका म्हणून तिकडचे आदिवासी शेतकरी मोर्चे काढत आले. म्हणजे आमच्या विहिरींवरचा ताण काही प्रमाणात त्यांच्या कालव्यावर गेला. हे वाक्य मी आमच्या गावातल्या एका बैठकीत म्हटलं तेव्हा कुणी चिडलं नाही. सगळ्यांनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला.

मराठीतलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं बंड मात्र मोर्चाचं नाही, स्वयंपाकघरातलं आहे. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण बहुधा त्यांच्या पुढच्या बाप्तिस्म्याकडे बंड म्हणून पाहतो, पण माझ्या मते आधीची वर्षं अधिक बंडाची आहेत. नवऱ्यानं देव बदलला, सगळं मित्रमंडळ बदललं आणि ही बाई त्याच्याजवळ राहूनही आपलं सोवळं, आपली चूल, आपलं पाणी वेगळं ठेवते आहे. हेही राखणंच! आणि मग एक दिवस बसून विचार करता करता तिला वाटतं की जातिभेद देवानं केलेला नाही, आणि ती ठरवून टाकते की इथून पुढे कुणाच्याही हातचं चालेल. कुणी सांगितलं नाही, नवऱ्यानं तर नाहीच. जे जिवापाड राखलं ते तिनं स्वतः उठून सोडलं. कामूनं १९५१ साली बंडखोरावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नकारात एक होकार दडलेला असतो, म्हणजे ‘इथवरच’ म्हणणाऱ्याला आपलं काहीतरी मोलाचं आहे हे कळलेलं असतं, असं मांडलं. पण ज्यानं स्वतःच्याच मोलाच्या गोष्टीला नकार दिला त्याचं काय, हे लक्ष्मीबाईंच्या दोन-चार पानांत मला अधिक उलगडून मिळतं. फ्रेंच लेखकाला आमच्याकडच्या सोवळ्याची अडचण ठाऊक नव्हती, त्याला काय करणार.

दिब्रिटोंचंही असंच होतं. बाहेरच्यांना ते सरकारशी भांडणारे फादर म्हणून माहीत. आम्हाला ते आमच्याशी भांडणारे म्हणूनही माहीत. धर्मांतराचा इतिहास लपवू नका, चर्चच्या चुका बोला, हे ते ‘सुवार्ता’तून लिहीत तेव्हा आमच्या आवारातही तोंडं वाकडी होत. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ते त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, संमेलनाच्या इतिहासातले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. तेव्हा बाहेरून विरोध झाला. पाठीच्या दुखण्यानं बेजार असूनही ते गेले आणि जमावाच्या हिंसेबद्दल बोलायचं ते बोलले. दोन्हीकडच्या लोकांना एकाच वेळी अवघड वाटणारा माणूस सहसा काहीतरी नीट करत असतो.

आणि राखणदारांच्या घरात कोण कुणाविरुद्ध उठतं ते सांगितल्याशिवाय हे लिखाण अपुरं राहील. हरित वसईच्या मोर्चात उन्हातून चालणारे माझे वडील काही वर्षांनी हक्कसोडपत्र घेऊन गासला आत्याकडे गेले. वाडीला आता गुंठ्याचा भाव आला होता. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. त्याच्याप्रमाणे ख्रिस्ती घरात बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलीचा हिस्सा मुलाएवढाच. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्या बहिणी सही करतात. त्या बदल्यात माहेरची वाट उघडी राहते, सणाला केळ्याचा घड येतो, सुकेळी येतात, भाऊ उभा राहतो. दोन आत्यांनी सही केली. धाकटीनं चहा केला, बशीत बिस्किटं ठेवली आणि कागद न वाचताच परत दिला.

घरात काय झालं असेल ते कुणीही मराठी माणूस सांगेल. तिला लोभी म्हटलं गेलं. बिल्डरनं फितवली म्हटलं गेलं. जे वडील कचेरीला विचारत होते की आमच्याच जमिनीचा निर्णय आम्हाला न विचारता कसा, तेच म्हणाले, तिला काय विचारायचं, ती दिली गेलेली. तीन ईस्टर आणि तीन नाताळ ती आमच्याकडे आली नाही. मग दावा झाला, तारखा पडल्या, वकिलांनी पैसे खाल्ले आणि शेवटी तडजोडीत तिला विहिरीच्या पश्चिमेचा तुकडा मिळाला, जिथे नारळाची रांग आणि एक बुजत चाललेलं बावखल होतं.

तिनं तो तुकडा विकला नाही. गासहून रिक्षानं येते, सत्तरीच्या पुढे आहे, गड्याला घेऊन बावखलातला गाळ काढते. गेल्या दोन पावसाळ्यांत त्यात पाणी टिकू लागलं आहे, आणि आमच्या विहिरीचं पाणी थोडं सुधारलं असं माझा चुलतभाऊ म्हणतो. तो टँकरवाल्या काकांचा मुलगा, म्हणजे त्याला पाण्यातलं कळतं. माझ्या दोन्ही मुलींना ही आत्या फार आवडते, याची मला थोडी धास्ती आहे. मागच्या नाताळात थोरलीनं तिला माझ्यासमोरच विचारलं की एवढी भांडलीस, मग विकलं का नाहीस, केवढे पैसे आले असते.

आत्या म्हणाली, “विकायचं असतं तर तुझ्या आजोबांना सही नसती दिली? पैसे त्यांनीच दिले असते.” आणि लगेच मला म्हणाली की तुझा पंप माझ्या हद्दीत हातभर आलाय, तो नव्या वर्षात काढून घे.